घंटी वाजते, आवाज हरवतो

ऑफिसचा फोन वाजतो. उचलणाऱ्याचा ‘हॅलो’ पलीकडे पोचतो, पण पलीकडचे बोलणे काही केल्या ऐकू येत नाही. इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोनमधली ही नेहमीची तक्रार. फोन धडधाकट असतो, लाइनही सुरू असते. घोळ अनेकदा ऑफिसचे फोन बाहेरच्या कंपनीशी जोडणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे गेटवेच्या, सेटिंगमध्ये निघतो.

या टेलिफोनमध्ये घंटी आणि आवाज यांच्या वाटा वेगळ्या असतात. कुणी कुणाला फोन केला, उचलला की ठेवला, ही बोलणी एसआयपी नावाच्या प्रोटोकॉलने होतात. त्याचा आजही पायाभूत मानला जाणारा मसुदा २००२ सालचा. आवाज जातो आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने. जी.७११ या जुन्या पद्धतीत तो सेकंदाला ६४ किलोबिट इतका असतो आणि सहसा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटांत, धावतो. गेटवेने बाहेरच्या दूरसंचार कंपनीला ‘आवाज इथे पाठवा’ म्हणून चुकून १९२.१६८ ने सुरू होणारा, फक्त ऑफिसातच चालणारा पत्ता कळवला, तर घंटी वाजते. पलीकडून निघालेली पाकिटे मात्र कुठेच पोचत नाहीत.

म्हणून कुठल्या कॉलला कुठली वाट द्यायची, हे आधी ठरवावे लागते. ऑडिओकोड्स या इस्रायली कंपनीच्या मीडियंट गेटवेंमध्ये या व्यवस्थेच्या मुळाशी ‘एसआरडी’, म्हणजे सिग्नलिंग राउटिंग डोमेन, असते. त्याच्या पोटात एसआयपी इंटरफेस येतात: कॉल कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर घ्यायचा ते सांगणारे. मीडिया रेल्म आवाजासाठी नेटवर्क आणि पोर्टांचा पट्टा नेमून देतो. आयपी ग्रुप म्हणजे समोरचा पक्ष. ऑफिसचा ईपीएबीएक्स, म्हणजे अंतर्गत फोन एक्स्चेंज, हा एक; दूरसंचार कंपनी दुसरा. कॉल ज्या इंटरफेसवर आला त्यावरून एसआरडी कळतो, मग पक्षाची ओळख पटवली जाते. पटली नाही, तर कॉल दारातूनच परतवता येतो.

नवखे इंजिनिअर इथे उत्साहाच्या भरात आत एक, बाहेर एक असे एसआरडी करत सुटतात. बहुतेक ठिकाणी त्याची गरजच नसते. गेटवेत एक एसआरडी तयार मिळतो आणि एका कंपनीच्या कामाला तो पुरतो. आतल्या-बाहेरच्या नेटवर्कसाठी त्यातच दोन इंटरफेस करावेत. मायक्रोसॉफ्ट टीम्सचे उदाहरण घ्या. टीम्सला गेटवेमार्फत बाहेरच्या फोनशी जोडणाऱ्या डायरेक्ट राउटिंगला टीएलएसने कूटबद्ध केलेले सिग्नलिंग लागते, तर दूरसंचार कंपनीच्या एखाद्या जोडणीचे, म्हणजे ट्रंकचे, काम साध्या, कूटबद्ध नसलेल्या यूडीपीवर, ५०६० पोर्टवर चालते. दोन्ही एकाच एसआरडीत सुखाने नांदतात.

वेगळा एसआरडी खरा उपयोगी पडतो तो एका गेटवेवर अनेक ग्राहक सांभाळणाऱ्याला. समजा, दोन ग्राहक कंपन्यांत प्रत्येकी एक्स्टेन्शन १०१ आहे. एकीचा कॉल दुसरीकडे जाता कामा नये. अशा वेळी एसआरडी ‘आयसोलेटेड’ ठेवला, की प्रत्येकाचे राउटिंगचे नियम स्वतंत्र राहतात.

एसआरडी एक असो वा अनेक, दारावरची ओळखतपासणी हवीच. उघडा ५०६० पोर्ट शोधत इंटरनेटवर यंत्रे अहोरात्र हिंडत असतात. ढिला गेटवे सापडला, की परदेशी कॉल दुसऱ्याच्या बिलावर लागतात. तेव्हा ऑफिसात असा गेटवे असेल, तर तो बसवणाऱ्याला एवढे जरूर विचारा: ओळख न पटलेला कॉल आला, तर आपला गेटवे त्याचे काय करतो?