टाकीचं माप माशाच्या उद्याच्या लांबीवरून

नांदेड-लातूरच्या दुकानांत एंजलफिश म्हणून मिळतो तो गोड्या पाण्यातला, मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. समुद्रातला एंजल वेगळ्या कुळाचा आणि कितीतरी मोठा. एम्परर एंजल ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. भारतीय किनाऱ्यालगत आढळणारा ब्लू-रिंग एंजल ४५पर्यंत. हौशी माणसाच्या हाती मात्र बोटाएवढं पिल्लू येतं. एम्पररच्या पिल्लाच्या गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं असतात, तीन फुटी टाकीत ते फार शोभून दिसतं आणि माप तिथेच चुकतं. वर्तुळं जाऊन पिवळे-निळे पट्टे येईपर्यंत त्याला वळायलाही जागा उरलेली नसते.

प्रवाळखडकांवर स्पंज टिपत दिवसभर हिंडणारा हा मासा आपल्या हद्दीत दुसरा एंजल सहसा खपवून घेत नाही. म्हणून टाकी उंच नको, लांब आणि रुंद हवी. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावतं; वाढत्या एम्पररसाठी ही सुरुवात समजा. पूर्ण वाढलेल्याला ८ × २.५ × २.५ फूट, म्हणजे १४०० लिटर, माझ्या मते हवेतच. नीट सांभाळला तर तो वीस वर्षंही जगतो, आणि यातले बहुतेक मासे आजही समुद्रातून पकडूनच आणले जातात. त्यांना अपुऱ्या टाकीत कोंडून ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही.

सहा फुटी टाकी पाणी, काच, खडक आणि स्टँड धरून टनाच्या घरात जाते. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो चल भार धरून बांधतात. ही टाकी जेमतेम १.१ चौरस मीटरवर उभी राहते. शक्यतो तळमजला निवडा. वरचा मजला असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी ठेवू नका.

खरी कसोटी पाण्याची. मुंबईत १९५१मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर अरबी समुद्रच होता. लातूरकराला समुद्र घरीच बनवावा लागतो. लिटरला ३५ ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे पहिल्याच भरणीला जवळपास २४ किलो. त्यासाठी पाणी आरओचंच लागतं, कारण बोअरच्या जड पाण्यातले क्षार मिठाचं गणित बिघडवतात. आणि आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या शहरात हा हिशेब आधी करायला हवा. बाहेर पडणारं पाणी फरशी आणि संडासासाठी साठवा. उन्हाळ्यात उडून गेलेल्या पाण्याची भर साध्या आरओ पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे. मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

बाहेर ४२ अंश असताना टाकीत २५ ते २७ अंश राखायचे, तर चिलर लागणारच. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात वीज गेली तर मोठा मासा आधी दगावतो. घरगुती इन्व्हर्टरवर चिलर सहसा चालत नाही. निदान पाणी हलवणारा पंप तरी त्यावर जोडा आणि बॅटरीचा एअरपंप हाताशी ठेवा.

जागा चारच फुटांची असेल तर कोरल ब्युटीसारखा १० सेंटिमीटरचा बुटका एंजल घ्या. त्याला ३०० लिटर पुरतात. कुठलीही टाकी भरली की अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, म्हणजे महिना-दीड महिना, तिच्यात मासा सोडू नका. एम्परर तर सर्वांत शेवटी, टाकी सहा महिने मुरल्यावर.