चेनची जोडकडी पुन्हा वापरावी का?

सायकलची चेन धुवायला काढली, तर तीच जोडकडी परत लावलेली चालते का? हा प्रश्न मला फार वेळा येतो. मिस्त्री जिला चेन लॉक म्हणतात, ती ही कडी. उत्तर कडीच्या जातीवर आहे.

मी स्वतः चुकलोय. नंदी हिल्सच्या चढावर उभा राहून पॅडल मारत होतो आणि पाय एकदम मोकळा खाली गेला. कडी सुटली होती. ११ स्पीडची, चौथ्यांदा लावलेली. गुडघा हँडलवर आपटला. मागून गाडी येत नव्हती, एवढंच नशीब.

असं का होतं बघा. कडीच्या पिनेला टोकाशी खाच असते, ती समोरच्या पट्टीच्या भोकात सरकून अडकते. दरवेळी उघडताना-लावताना त्या खाचेची कड घासते. जाड चेनला हे सोसतं. १० स्पीडपासून पुढे चेन अरुंद होत जाते, पकडायला धातूच थोडा उरतो. म्हणून स्रॅम १०, ११, १२ स्पीडची कडी एकदाच वापरा म्हणते, पण तिचीच ९ स्पीडची पुन्हा चालते. शिमानोच्या ११ आणि १२ स्पीडच्या कड्याही एकदाच वापरायच्या. केएमसी दोन्ही प्रकार विकते, तेव्हा पाकीट वाचा. कॉनेक्सची पुन्हा वापरता येते, मात्र ती उलटी लावायची नाही.

पुन्हा चालणारी कडीसुद्धा तपासून घ्या. नुसत्या बोटांनी सहज बसली, तर टाकून द्या. हे माझं मत, दुकानदार वेगळं सांगेल. बसवल्यावर ती चेनच्या वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबा आणि पॅडलवर जोर द्या. 'कट्' आवाज यायला हवा. मग दोन्ही पिना भोकाच्या टोकापर्यंत गेल्यात ना, ते डोळ्यांनी पाहा. जुनी कडी नव्या चेनला लावू नका, ती तिच्या जुन्या चेनबरोबर झिजलेली असते.

आता आपली साधी, बिनगिअरची सायकल. तिच्या कडीवर माशाच्या आकाराची क्लिप असते. ही कडी बिनधास्त पुन्हा वापरा, फक्त दिशा सांभाळा: कडी वरच्या बाजूला असताना क्लिपचं बंद टोक पुढच्या चाकाकडे हवं. चेन तिकडेच धावते. उघडं टोक पुढे राहिलं, तर कशाला तरी घासून क्लिप मागे ढकलली जाते आणि निघते. क्लिप ढिली झाली असेल तर नवी घाला, ती अगदी स्वस्तात मिळते.

माझ्या सीटखालच्या पिशवीत आता ११ स्पीडच्या दोन कोऱ्या कड्या असतात. एक माझी, एक सोबत येणाऱ्याची.