अन्नत्याग, उपचारत्याग आणि धर्म

जैन धर्मात मरणाला सामोरे जाण्याचे एक व्रत आहे. दिगंबर त्याला सल्लेखना म्हणतात, श्वेतांबर संथारा. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात समाधिमरण हा शब्दही रूढ आहे. हे व्रत घेणारा आधी घन आहार सोडतो, मग दूध-ताक, मग फक्त पाणी, आणि शेवटी तेही. ते कधी घ्यावे याला मर्यादा आहेत. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त चारच प्रसंग सांगितले आहेत: न टळणारे संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि असाध्य रोग. ‘तत्त्वार्थसूत्र’ व्रतातले पाच दोष मोजते. अजून जगावे असे वाटणे हा दोष, तसाच लवकर मरण यावे असे वाटणे हाही दोष. मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढच्या जन्मी सुख मिळावे ही अपेक्षा हे उरलेले तीन. जैन आचार्य सल्लेखनेला आत्महत्या का मानत नाहीत, याचे उत्तर यातल्या दुसऱ्या दोषात आहे. जीव द्यायला निघालेल्या माणसाला मरण हवे असते, आणि इथे तर मरण हवेसे वाटले की व्रताला डाग लागतो.

आचार्य शांतिसागर महाराजांचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवी उभारी देणाऱ्या या आचार्यांची दृष्टी उतारवयात मंदावली. जमिनीवरचे बारीक जीव दिसत नसतील तर पाऊल टाकताना अहिंसा पाळायची कशी, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. दुखण्याला ते कंटाळले नव्हते. मुनिधर्म पाळता येईना, म्हणून त्यांनी १९५५ साली मराठवाड्यातील कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. १८ सप्टेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले.

हिंदू धर्मशास्त्राने आत्महत्या निषिद्ध ठरवली, पण एक दार किलकिले ठेवले. देह थकलेल्या वानप्रस्थाने केवळ पाणी आणि वारा यांवर राहून, देह पडेपर्यंत ईशान्येकडे चालत जावे, अशी मुभा मनुस्मृती देते. महाभारतात व पुराणांत प्रायोपवेशनाचे, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाची वाट पाहत बसण्याचे, प्रसंग येतात. धर्मशास्त्राच्या पुढच्या निबंधकारांना ही सवलत धोक्याची वाटली असावी. महाप्रस्थान, म्हणजे देह पडेपर्यंत असे चालत जाणे, त्यांनी कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या यादीत टाकले. तरीही प्रायोपवेशनाची कल्पना लोकमनातून पुसली गेली नाही. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत फरक करणारा लेख लिहिला होता आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये त्यांनी अन्न व औषध सोडून देह ठेवला. त्यांची भूमिका धार्मिक कमी आणि कृतकृत्यतेची अधिक होती. विनोबांचे तसे नव्हते. जैन विचारांशी त्यांची जवळीक होती; जैन पंथांना एकत्र आणणारा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्यांच्याच प्रेरणेने १९७४ साली सिद्ध झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारी असताना त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले. उपचार घ्यावेत असा आग्रह अनेकांनी पवनारच्या आश्रमात येऊन केला, पण त्यांनी तो मानला नाही. १५ नोव्हेंबरला ते गेले.

बौद्ध विनयाची नजर मरणाऱ्याबरोबर त्याच्या भोवतीच्या माणसांवरही आहे. दुखण्याने गांजलेल्या भिक्खूची दया येऊन कोणी त्याच्यासमोर मरणाची थोरवी गायली आणि तो त्यामुळे मेला, तर तसे बोलणारा संघातून कायमचा बाद होतो. करुणेने केले म्हणून दोष जात नाही.

जैन आणि हिंदू परंपरांचा प्रश्न मुख्यतः असा आहे: जाणाऱ्याचे मन कसे आहे? ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांमध्ये प्राण ईश्वराचा मानला जातो. तो सोडण्याचा अधिकार माणसाला नाही, म्हणून तिथे जाणाऱ्याच्या इच्छेपेक्षा भोवतालच्यांच्या कृतीची तपासणी जास्त बारकाईने होते. सोळाव्या शतकात क्राकोवचे रब्बी मोझेस इसर्लेस यांनी लिहिले की घरालगत लाकूड फोडण्याच्या आवाजाने मरणोन्मुख माणसाचा जीव अडकून राहिला असेल, तर तो आवाज थांबवायला हरकत नाही. मात्र त्याच्या देहाला हात लावून मरण घाईने आणू नये. इस्रायलने २००५ साली मरणासन्न रुग्णांसाठी जो कायदा केला, त्यात हीच विचारसरणी यंत्रापर्यंत पोहोचली. अखंड चालणारा व्हेंटिलेटर बंद करायला तिथे मनाई आहे. पण त्याला ठरावीक वेळाने आपोआप थांबणारे घड्याळ जोडता येते, आणि थांबलेला उपचार पुन्हा सुरू न करणे कायद्याला मान्य आहे.

कॅथलिक चर्चने रेषा निराळ्या जागी ओढली. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना स्पष्ट केले की असाधारण उपचार चालूच ठेवण्याचे बंधन रुग्णावर वा डॉक्टरवर नाही. अन्नपाण्याचे मात्र वेगळे. जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये सांगितले की कायम बेशुद्ध असलेल्या रुग्णाला नळीने दिलेले अन्न आणि पाणी हा तत्त्वतः उपचार नसून सेवा आहे, आणि ती थांबवता येत नाही. इस्लाममध्येही जीव घेणे निषिद्धच. पण इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८६ साली अम्मान येथे मेंदूमृत्यू मान्य केला आणि अशा माणसाची यंत्रे काढायला परवानगी दिली.

भारतात उपचारत्याग आणि व्रत म्हणून अन्नत्याग हे दोन्ही प्रश्न न्यायालयासमोर आले, तेही वेगवेगळ्या दारांनी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर कधीच सावरल्या नाहीत. त्यांना भरवणे थांबवावे, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी केली. रुग्णालयातील परिचारिकांनी ठाम विरोध केला. त्यांच्या लेखी घास भरवणे ही सेवाच होती. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी याचिका फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. मे २०१५ मध्ये अरुणा यांचे निधन झाले. त्यांच्या प्रकरणातली सर्वांत दुखरी गोष्ट अशी की त्यांना स्वतःला काय हवे होते हे सांगायला कोणीच नव्हते. जैन किंवा हिंदू परंपरेची सवलत शुद्धीवर असलेल्या, स्वतः निर्णय घेणाऱ्या माणसासाठी आहे. अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध माणसाला ती लागूच पडत नाही.

२०१५ मध्येच १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येचा प्रयत्न ठरवला. जैन समाजात मोठी खळबळ उडाली आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. याचिकाकर्त्याचा आक्षेप हलका नव्हता. व्रत घेतलेल्या वृद्ध व्यक्तीभोवती जयजयकार सुरू झाला, घराण्याचा मान वाढला, की मध्येच ‘मला जेवायचे आहे’ म्हणायला केवढे धैर्य लागेल! खुद्द जैन ग्रंथ निर्यापक आचार्याची, म्हणजे व्रतस्थाला सांभाळून नेणाऱ्या अनुभवी गुरूची, देखरेख आवश्यक मानतात. ही देखरेख खरोखर होते का, हा प्रश्न धर्माच्या आतूनही विचारायला हवा.

उपचारत्यागाच्या प्रश्नावर पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये सामावलेला असल्याचे सांगितले. शुद्धीत असतानाच आपल्या उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवण्याला, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, त्यामुळे मान्यता मिळाली. आधी त्यावर दंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. रुग्णालयातील डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची अवस्था तपासून निर्णय घेतात. असे पत्र नसेल तर नातेवाइकांची संमती घ्यावी लागते. इंजेक्शन देऊन मरण आणणे आजही गुन्हा आहे आणि त्या बाबतीत वर उल्लेखलेल्या कोणत्याही धर्माच्या मुख्य परंपरेचे कायद्याशी भांडण नाही.