वयाची रेघ आणि मुलांचें मैदान

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतांत विल्यम्सपोर्ट म्हणून एक गांव आहे. तेथील कार्ल स्टॉट्झ नांवाचे गृहस्थ १९३८ सालच्या ऑगस्टांत आपल्या दोन भाच्यांबरोबर चेंडू खेळत असतां लायलॅकच्या छाटलेल्या झुडपांत त्यांचा पाय पडला व घोटा खरचटला. पाय चोळीत बसले असतां त्यांच्या मनांत आलें कीं, मुलांच्या मापाचा बेसबॉल कां असूं नये? पुढल्याच वर्षीं, ६ जून १९३९ रोजीं, तीन लहान संघांची स्पर्धा त्यांनीं सुरू केली. ‘लिटल लीग’ ह्या नांवानें आज जगभर पसरलेल्या संस्थेचा हा प्रारंभ होय.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. एका ठाण्यावर फलंदाज उभा राहतो, समोरून प्रतिपक्षाचा गडी जोरानें चेंडू फेकतो, आणि तो टोलावल्यावर फलंदाजानें क्रमानें सारीं ठाणीं गांठून परत यावें, असा खेळ आहे. मोठ्यांच्या खेळांत एका ठाण्यापासून दुसरें ९० फुटांवर व फेकणारा गडी ६० फूट ६ इंचांवर असतो. दहा वर्षांच्या पोराचे पाय तितके धांवत नाहींत व हातहि तितका पोंचत नाहीं. स्टॉट्झ यांनीं मुलांना धांवावयास लावून, अंतर कमीजास्त करून पाहून, ६० फूट हें माप ठरविलें. फेकीचें अंतर आज ४६ फूट आहे आणि नऊ डावांच्या ऐवजीं सहाच डाव खेळतात. मुलगा मैदानाएवढा होईपर्यंत त्याला कुंपणाबाहेर उभें करण्याऐवजीं मैदानच मुलाएवढें करावें, हा विचार दिसावयास साधा, पण आम्हांस फार मोलाचा वाटतो.

पुढें ह्या कल्पनेला पायऱ्या फुटल्या. चार ते सात वर्षांच्या बालकांना कोणी चेंडू फेकीत नाहीं. तो एका खुंटावर ठेवलेला असतो व त्यांनीं तो नुसता टोलवावयाचा. मग शिक्षक हलक्या हातानें फेकतात आणि नंतर मुलेंच एकमेकांस फेकूं लागतात. नऊ ते बारा हा मुख्य वर्ग. त्याच्यापुढें मात्र पूर्वीं मुलाला ६० फुटांवरून एकदम ९० फुटांवर उडी घ्यावी लागे. म्हणून २०१३ सालापासून अकरा ते तेरा ह्या वयासाठीं ७० फुटांची मधली पायरी बांधण्यांत आली. तिच्यांत फेकीचें अंतर ५० फूट आहे. आपल्याकडे ज्यांच्या घरांत चुलत व मावस भावंडांचा गोतावळा होता त्यांस ह्यांतील तत्त्व नवीन वाटणार नाहीं. पांच वर्षांच्या धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळांत घेत; त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो खेळांत असे. फरक एवढाच कीं, तेथें मुलांची पारख मुलेंच करीत; जन्मतारीख कोणी विचारीत नसे.

संस्थेला ती विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि तारीख आली कीं रेघ आली. २००५ पर्यंत ही रेघ ३१ जुलैची होती. म्हणजे ३१ जुलैला जन्मलेला मुलगा आणि १ ऑगस्टला जन्मलेला मुलगा ह्यांच्यांत अंतर एका दिवसाचें; पण पहिला आपल्या वर्षाच्या मुलांत सर्वांत धाकटा, तर दुसरा खालच्या वर्षांत सर्वांत थोरला. दहाव्या वर्षीं बारा महिने म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. थोरल्याचा चेंडू लांब जातो, म्हणून शिक्षकाला तो गुणी वाटतो. गुणी म्हणून त्याला निवडक संघांत घेतात. तेथें सराव अधिक, गुरु चांगले, सामने पुष्कळ. दोनतीन वर्षांनीं तो खरोखरच गुणी झालेला असतो! धाकटा तोंवर बाकावर बसून कंटाळतो, आणि आपल्यांतच कांहीं उणें आहे असें समजून खेळ सोडतो. बारातेराच्या वयांत तर जन्मतारीख एक असूनहि एकाला मिसरूड फुटलेली व दुसरा अजून बालक, असा प्रकार असतो. त्याची दखल कोणतीच रेघ घेत नाहीं.

ही नुसती कल्पना नव्हे. १९५० नंतरच्या अमेरिकन खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून २००८ सालीं एका लेखकानें दाखविलें कीं, जुलैंत जन्मलेल्यापेक्षां ऑगस्टांत जन्मलेल्या मुलाला व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पायरीवर पोंचण्याची शक्यता सुमारें दीडपट असते. ज्योतिषाचा ह्यांत कांहीं संबंध नाहीं. सारा प्रताप रेघेचा. २००६ सालीं ती ३० एप्रिलवर नेली व २०१८ पासून ३१ ऑगस्टवर आणली. रेघ सरकली, तशी धाकटेपणाची पाळी दुसऱ्या महिन्यांतील मुलांवर गेली, एवढेंच.

जेथें रेघेला इतकी किंमत, तेथें ती चुकविण्याचा मोहहि आलाच. २००१ च्या जागतिक स्पर्धेंत न्यूयॉर्कच्या एका संघांतील मुलानें एका सामन्यांत प्रतिपक्षाच्या एकाहि गड्याला ठाणें गांठूं दिलें नाहीं. देशभर कौतुक झालें. पुढें डोमिनिकन प्रजासत्ताकांतील त्याची मूळ नोंद सांपडली, तेव्हां तो बारा नसून चौदा वर्षांचा असल्याचें उघड झालें. संघाचे विजय रद्द झाले; बाप व संघाचा चालक यांना कायमची बंदी झाली. मुलाकडे आम्ही दोष देत नाहीं. त्याच्या हातीं चेंडू होता, कागद नव्हते. आणि आपण ह्याला हंसावें असेंहि नाहीं. शाळेंत नांव घालतांना मास्तरांनीं १ जून ही तारीख ठोकून दिली, अशीं माणसें महाराष्ट्रांत कोणत्या घरांत नाहींत? आपल्या क्रिकेट मंडळालाहि अखेर मुलांच्या मनगटाचीं क्ष-किरणचित्रें काढून वय पडताळावें लागलें.

वय जमलें तरी हात सांभाळला जातो असें नाहीं. वाढत्या मुलाच्या कोपराशीं हाडाचीं टोंकें कोंवळ्या कूर्चेचीं असतात. जोराची फेक पुनःपुन्हां झाली कीं तीं दुखावतात. १९६० सालींच डॉक्टरांनीं ह्या दुखण्याला लिटल लीगचेंच नांव दिलें होतें. तरीहि पुष्कळ वर्षें बंधन होतें तें डावांच्या संख्येवर; एका डावांत मुलगा दहा वेळां फेको कीं चाळीस वेळां, हिशेब एकच! २००७ पासून मात्र प्रत्यक्ष फेकी मोजूं लागले. नऊ-दहा वर्षांच्या मुलास दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्यास ८५ ही मर्यादा. आणि ६६ किंवा अधिक झाल्यास चार दिवस विश्रांति. नियम उत्तम आहे. पण तोच मुलगा शनिवारीं एका संघाकडून व रविवारीं दुसऱ्याकडून खेळला, तर एकाची वही दुसऱ्याला दिसत नाहीं. तेथें मोजणारे आईबापच.

स्टॉट्झ यांचें पुढें संस्थेच्या चालकांशीं पटलें नाहीं. तिचा पसारा व व्यापारी थाट त्यांना रुचेना, आणि १९५६ पर्यंत ते तिच्यापासून कायमचे दूर झाले. पण त्यांच्या मूळ दृष्टीचा अंश एका नियमांत अजून दिसतो. संस्थेच्या नेहमींच्या सामन्यांत संघांतील प्रत्येक मुलाला निदान एकदां फलंदाजी व प्रतिपक्षाचे सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण मिळालेंच पाहिजे, असा तो नियम आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी बिऱ्हाडांतील आईबापांनीं मुलाला बाहेरच्या, गांवोगांव हिंडणाऱ्या निवडक संघांत घालण्यापूर्वीं तेथें असा नियम आहे काय, हें अवश्य विचारावें. मुलगा ऑगस्टाच्या अखेरीस जन्मलेला असल्यास प्रथम हाच प्रश्न विचारावा.