गाव वाढते, रस्ते मात्र तुटतात

कोल्हार हे मूळचेच वाटांचे गाव. प्रवरेच्या एका तीरावर राहाता तालुक्यातील कोल्हार बुद्रुक, दुसऱ्या तीरावर राहुरी तालुक्यातील कोल्हार खुर्द. पुलावरून नगर-मनमाड रस्ता जातो आणि लोणी, संगमनेर, अकोलेमार्गे घोटीला जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. अशा गावाची वाढ हमरस्त्याच्या कडेने होणार, हे उघडच आहे. या वाढीत पडणारे लहान रस्ते एकमेकांना मिळतात की नाही, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

जुन्या गावठाणातील बोळ अरुंद खरा. पण तो बहुधा दुसऱ्या बोळाला जाऊन मिळतो. हमरस्त्यालगतच्या बिनशेती प्लॉटांची तऱ्हा निराळी. एका गटाचा मालक आपल्या जमिनीपुरता रस्ता आखतो. तो हमरस्त्यापासून निघतो आणि मागच्या बांधाशी संपतो. शेजारचा गटमालकही तेच करतो. मग बांधापलीकडच्या घरी जाण्यासाठी शाळकरी मुलालाही हमरस्त्यावर यावे लागते. तेथे उसाचे ट्रॅक्टर आणि शिर्डीची वाहने यांची त्याला सोबत! अपघात झाला की आपण गतिरोधकाची मागणी करून मोकळे होतो.

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की १९७५ पासून जगभर नव्या वस्त्यांतील रस्त्यांची परस्पर जोडणी एकंदरीत घटत गेली आहे. घर पाडून पुन्हा बांधता येते. रस्त्याची आखणी सहसा हटत नाही. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याचे रस्ते आखले. तेथील इमारती बदलत आहेत, रस्त्यांचे जाळे बव्हंशी तेच आहे. उलट, २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अनेक वस्त्या नियमित होऊ शकल्या. पण बांधाशी अडलेला रस्ता सरकारी शिक्क्याने पुढे सरकत नाही.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात अनेकांच्या जमिनी एकत्र घेऊन, रस्ते आखून, भूखंड परत देण्याची तरतूद आहे. लहान गावाला ती अवजड वाटेल, हे मान्य. परंतु प्रत्येक नव्या प्लॉटिंगचा रस्ता शेजारच्या हद्दीपर्यंत नेऊन खुला ठेवावा आणि शेजाऱ्याने तो पुढे जोडावा, एवढी अट मंजुरी देतानाच घालण्यास काय हरकत आहे? आज त्यासाठी एखादा बांध फोडावा लागेल. वीस वर्षांनी कोणाची तरी भिंत पाडावी लागेल, आणि तिच्यासाठी कोर्टाच्या तारखा मोजाव्या लागतील.