स्कॅनर लावला की कळतं?

सकाळी ९

रात्रभर पाऊस. सिंहगड रस्त्याला पाणी साचलेलं आणि गॅरेजचं शटर उघडतोय तोच दारात एक २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक टोचन करून आली. मालक वैतागलेले. चालता चालता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटतात, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, थोड्या वेळाने आपोआप सगळं ठीक. आज सकाळी तर गाडी सेल्फच घेईना. एका ठिकाणी बॅटरी बदलून झाली, दुसऱ्याने एबीएसचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं, तो खर्च ऐकून ते इकडे वळले.

मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. असा येऊन-जाऊन फॉल्ट सगळ्यांत वाईट. बंद पडलेली गाडी परवडते.

"स्कॅनर लावा ना दादा, पाच मिनिटांत कळेल," मालक म्हणाले. आमच्या धंद्यातला निम्मा त्रास या समजुतीतून येतो.

साडेनऊ

दुसरे एक गिऱ्हाईक मोबाइल पुढे करत आले. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल लावून त्यांनी घरीच कोड काढलाय, पी ०१७१. ऑक्सिजन सेन्सर टाका म्हणतात. पण पी ०१७१ चा अर्थ एवढाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. हवा कुठून जास्त येतेय की पेट्रोलच कमी पोचतंय, हे कोड सांगत नाही. सेन्सर तर बिचारा बहुतेकदा खरं तेच सांगत असतो.

लाइव्ह डेटा उघडला. स्लोवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर वाढवून देतोय ते पेट्रोल, अधिक २२ टक्के. रेस अडीच हजारांवर नेली तर अधिक ४. स्लोवर चढा आणि रेसला उतरता आकडा दिसला, की बहुतेक वेळा हवा कुठून तरी चोरून आत शिरतेय. इनटेक मॅनिफोल्डच्या मागचा व्हॅक्यूम पाइप चिरलेला निघाला. काम संपलं. सेन्सरचे हजारो रुपये वाचले.

११ ते दीड

आता हॅचबॅक. स्कॅनरवर कोडची रांग. इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला, एबीएसशी संपर्क तुटला. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. एबीएस युनिट खराब नसताना ते बदला असं सांगितलं जातं ते इथेच.

गाडीतले हे सगळे कॉम्प्युटर दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात. कॅन बस म्हणतात तिला. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. दोन वायरी एकमेकींना पीळ दिलेल्या, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. बॅटरीचा टर्मिनल काढून स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात सहा आणि चौदा नंबरला मीटर लावला, तर दोन्ही मिळून ६० ओहम दिसायला हवेत. दिसले. म्हणजे आत्ता लाइन धड आहे.

मग सुरू होतं ते कंटाळवाणं काम. आमचा आयटीआय झालेला मुलगा मीटरवर नजर ठेवून आत बसला आणि मी बॉनेटखाली हार्नेस वीतभर वीतभर हलवत निघालो. फायरवॉलपाशी काही नाही. फ्यूज बॉक्सपाशी काही नाही. बॅटरीच्या ट्रेखाली हात घातला आणि आतून तो ओरडला, "काका, एकशेवीस!"

हात सोडला, ६०. दाबला, १२०. लाइन तिथेच तुटत होती, एका टोकाचा रेझिस्टर गायब होत होता.

ट्रे काढला. उंदराने टेप कुरतडलेली, पिळातल्या एका वायरीचं प्लॅस्टिक खाल्लेलं. पावसाचं पाणी आत शिरून तांब्याची हिरवी भुकटी झालेली; नखाने खरवडली तर जेमतेम दोन-तीन तारा शिल्लक. इंजिनचा निरोप पोचला नाही की स्टिअरिंगची मोटर मदत थांबवते, आणि इमोबिलायझरचा होकार पोचला नाही की गाडी चालूच होत नाही. एवढ्या सगळ्या तक्रारींचं मूळ बोटभर वायरीत.

ती जोडतानाही नुसती पिळून टेप मारून चालत नाही. सडलेला भाग कापला, नवा तुकडा सोल्डर केला, श्रिंक ट्यूब चढवली आणि दोन्ही वायरींचा पीळ होता तसा परत दिला. पीळ सुटला तर आजूबाजूच्या वायरींचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो.

३

बीएस-६ डिझेल, डीपीएफचा, म्हणजे धुराच्या फिल्टरचा दिवा. शाळेतल्या बाई आहेत, घर ते शाळा तीन किलोमीटर. फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, एवढ्या पल्ल्यात तो तापणार कसा? आधी ऑइलची पातळी पाहिली, कारण काजळी जाळण्याच्या, म्हणजे रिजनच्या, प्रत्येक अर्धवट राहिलेल्या फेरीत थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढलेली होतीच. ऑइल बदलून रिजन मारलं. यात बाईंची काहीच चूक नाही. गाडी विकताना त्यांना रोजचं अंतर कुणीतरी विचारायला हवं होतं.

साडेपाच

हॅचबॅकचं बिल. वायर-सोल्डरचे किरकोळ, तपासणीचे पंधराशे. "वायरच तर जोडलीत," मालक म्हणाले. मी कापलेला तुकडा हातात ठेवला, तो कुठे होता ते दाखवलं. त्यांनी पैसे दिले, पण पटलेलं दिसलं नाही. पार्ट बदलला असता तर दसपट रक्कम कुरकुर न करता दिली असती. शोधण्याच्या मेहनतीला किंमत द्यायची सवय गिऱ्हाइकाला नाही, आणि म्हणून कारागीरही शोधायचं सोडून पार्ट बदलायला शिकतात.

७

कोपऱ्यातली सेदान अजून उभी. तिचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल पाण्यात गेला, ते मी शोधलं. नाना पेठेतून तोच पार्ट नंबर आणून बसवला. पण गाडी त्याला ओळख देत नाही. त्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवरून कोडिंग लागतं आणि ते लॉगिन आम्हाला मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड केला, तो बाहेरच्या गॅरेजना स्पेअर आणि तपासणीची साधनं न देण्याबद्दलच. पुढे अपिलं झाली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टल आलं. माझ्या स्कॅनरवर मात्र आजही 'प्रवेश नाकारला' हेच येतं.

मालकांना फोन केला. उद्या सकाळी गाडी टोचन करून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची, मॉड्यूल तिथून नवाच विकत घ्यावा लागेल, बाहेरचा ते लावत नाहीत. "मग तुमच्याकडे आणून काय उपयोग झाला?" त्यांनी विचारलं. फॉल्ट नेमका कुठे आहे ते कागदावर लिहून देतो म्हणालो, म्हणजे तिथे निदान दुसरं काही बदलणार नाहीत. टोचनवाल्याला साडेनऊची वेळ दिली.