डांबरातून निघाला लख्ख उजेड!

ओएलईडी पडद्याच्या मोबाइलमध्ये मागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि तो उजळवतात कार्बनची संयुगं! त्यांच्या या काही भन्नाट गोष्टी.

डांबरगोळीचं नातलग
१९६३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकाला ४०० व्होल्टचा दाब दिला आणि तो चक्क उजळला. अँथ्रासीन मिळतं दगडी कोळशाच्या डांबरातून. कपाटातल्या डांबरगोळीतलं नॅफ्थलीन त्याच्याच कुळातलं. नॅफ्थलीनच्या रेणूत कार्बनची दोन कडी, अँथ्रासीनमध्ये तीन.

जाडी घटली, काम फत्ते
पण ४०० व्होल्टवर चालणारा दिवा खिशात कोण ठेवणार? १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी केसापेक्षा शेकडो पट पातळ असे दोन थर एकावर एक चढवले. १० व्होल्टच्या आतच हिरवा उजेड पडला!

गाठ पडली की प्रकाश
या थरांत एका बाजूनं इलेक्ट्रॉन शिरतात, दुसऱ्या बाजूनं इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे 'होल'. दोघांची रेणूवर गाठ पडली की रेणू उत्तेजित होतो आणि शांत होताना प्रकाश सोडतो.

चारातले तीन वाया
मात्र अशा चार जोड्यांपैकी साधारण एकच उजेड देते, बाकीच्या तिघींची ऊर्जा बहुतेक उष्णतेत जाते. १९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटानं प्लॅटिनमयुक्त रेणू वापरून त्या तिघींनाही कामाला लावलं. पुढे इरिडियमनं हे काम आणखी सफाईनं केलं.

काळा म्हणजे काळाच
काळा रंग दाखवायचा तर ठिपका सरळ बंद! म्हणून या पडद्यावरची रात्र खरोखर काळीकुट्ट दिसते आणि वीजही वाचते.

निळ्याचा हट्ट
निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते. तीच ऊर्जा रेणूचे बंध तोडते, म्हणून निळा सगळ्यांत आधी थकतो. त्याच्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून अनेक पडद्यांत निळा ठिपका मुद्दाम मोठा ठेवतात.

उलटा खेळ
हेच तंत्र उलटं फिरवलं तर? उजेड आत, वीज बाहेर! दोन थरांचा असा सौरघट टांग यांनी १९८६ मध्येच जाहीर केला होता, दिव्याच्या एक वर्ष आधी.